अडुसष्ट धावा आणि ‘उपयुक्त’ हा शब्द

मराठी ग्रंथपरीक्षणात ‘उपयुक्त’ हे विशेषण केव्हा अवतरते, हे परीक्षणे लिहिणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना, दोघांनाही पक्के ठाऊक असते. पुस्तक वाईट आहे असे म्हणता येत नाही, चांगले आहे असे म्हणवत नाही, लेखक ओळखीचा आहे आणि शेवटचा परिच्छेद तर लिहायचा राहिला आहे, अशा वेळी ‘अभ्यासकांना हा ग्रंथ उपयुक्त ठरेल’ हे वाक्य लेखणीतून आपोआप उतरते. लेखकाने त्यात समाधान मानावे आणि इतरांनी त्यातून काय ते समजावे, अशी व्यवस्था. आम्ही स्वतः अशी वाक्ये किती लिहिली याचा हिशेब केलेला नाही. केला तर तो लाज वाटण्याइतका निघेल. या शब्दाविषयी आम्हांला काही म्हणायचे आहे आणि ते एका क्रिकेटपटूच्या आधाराने म्हणायचे आहे. साहित्याच्या वाचकांनी तेवढ्यावरून नाक मुरडू नये. क्रिकेटविषयी चार पाने वाचून कुणाची अभिरुची बिघडल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

संजय बांगर. जन्म ११ ऑक्टोबर १९७२, बीड. खेळाडूचा उल्लेख एकेरीत करण्याची मराठी वृत्तपत्रांची रीत आम्ही येथे पाळत आहोत. त्यात अनादर नाही. बीडच्या माणसाने बीडच्या माणसाला एकेरीत हाक मारण्यात जी जवळीक असते, तेवढीच त्यात आहे. (एकदा ‘बनगरवाडी’ शिकवत असताना मागच्या बाकावरून ‘सर, संजय बांगर याच वाडीचा का?’ असा प्रश्न आला होता. माडगूळकरांची वाडी माणदेशातली आणि तिथले आडनाव बनगर, बांगर नव्हे, एवढे सांगून तास पुढे नेला. पण विचारणाऱ्या मुलाला बांगर माहीत आहे याचा आनंद मनातल्या मनात थोडा झालाच.)

२२ ऑगस्ट २००२. गुरुवार, राखीपौर्णिमा. आम्ही दोघे तेव्हा औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठात मराठीचे एम. ए. करत होतो. सणाला गावी जाण्याइतके पैसे नव्हते म्हणून वसतिगृहातच राहिलो होतो. मनगटावर पोस्टाने आलेल्या राख्या होत्या. दुपारी साडेतीनला इंग्लंडमधल्या लीड्स गावी हेडिंग्लेच्या मैदानावर मालिकेतली तिसरी कसोटी सुरू व्हायची होती. लॉर्ड्सची पहिली कसोटी भारत १७० धावांनी हरला होता, नॉटिंगहॅमची दुसरी अनिर्णित सुटली होती. आकाशात ढग होते, खेळपट्टीत ओल होती, आणि सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून चक्क फलंदाजी घेतली. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की वसीम जाफरला वगळून वीरेंद्र सेहवागबरोबर सलामीला संजय बांगर आला.

दूरदर्शनसंचासमोर बसलेल्या पंधरा-वीस मुलांत त्या क्षणी जो सूर उमटला तो ‘हा कशाला?’ असा होता. आमची अवस्था अवघड झाली. घरचा एखादा चुलता पाहुण्यांसमोर भाषणाला उभा राहिला म्हणजे पोटात जे होते, ते आम्हांला होत होते. चुलत्याचे कौतुक असते, पण त्याहून मोठी धास्ती असते की हा आता काय बोलतो. धावफलकावर १५ धावा असताना सेहवाग ८ धावांवर बाद झाला आणि राहुल द्रविड आला. पुढचे काही तास मॅथ्यू होगार्ड, अँडी कॅडिक, अ‍ॅलेक्स ट्यूडर आणि अँड्र्यू फ्लिंटॉफ या चौघांचे चेंडू उसळत होते, वळत होते, कधी बॅटजवळून तर कधी बोटांजवळून जात होते, आणि बांगर त्यांतले बहुतेक सोडून देत होता. सोडून देणे, एवढेच. चेंडू आला, पाय पुढे गेला, बॅट वर उचलली गेली, चेंडू यष्टिरक्षकाकडे गेला. पुन्हा तेच.

एकेक मुलगा उठून गेला. कुणाला मेसला जायचे होते, कुणी ‘झोप आली राव’ म्हणत गेला. मध्येच वीज गेली. त्या काळी मराठवाड्यात वीज जाणे ही बातमी नव्हती. अंधारात आम्ही दोघेच बसून राहिलो आणि वीज आली तेव्हा बांगर तिथेच होता. अखेरीस तो ६८ धावांवर बाद झाला. चेंडू २३६ खेळला होता. द्रविडबरोबरची त्याची भागीदारी १७० धावांची होती.

पुढचे सर्वांना आठवते. द्रविडच्या १४८ धावा, सचिन तेंडुलकरच्या १९३, गांगुलीच्या १२८. भारताने ८ बाद ६२८ वर डाव सोडला आणि एक डाव ४६ धावांनी सामना जिंकला. १९८६ नंतर इंग्लंडच्या भूमीवर भारताने जिंकलेली ती पहिलीच कसोटी, आणि १९८६ च्या मालिकेतला एक विजय याच मैदानावरचा होता. सामनावीर द्रविड ठरला आणि ते योग्यच होते. तीन शतकांच्या शेजारी अडुसष्ट हा आकडा उभा राहिला की तो पायरीसारखा दिसतो. पायरीवर पाय ठेवून लोक वर जातात आणि देवळाचे वर्णन करतात.

या सामन्यात बांगरने आणखी एक गोष्ट केली जी धावफलकावर दिसत नाही. तो मध्यमगती गोलंदाजीही करत असे. सलामीचा फलंदाजच तिसऱ्या वेगवान गोलंदाजाचे काम करणार असल्याने झहीर खान आणि अजित आगरकर यांच्या जोडीला अनिल कुंबळे आणि हरभजनसिंग असे दोन्ही फिरकी गोलंदाज खेळवता आले, आणि तेही हेडिंग्लेसारख्या वेगवान गोलंदाजांच्या मैदानावर. कुंबळेने सामन्यात सात बळी घेतले. बांगरने दुसऱ्या डावात दोन. म्हणजे कुंबळेच्या सात बळींतही बांगरचा काही अंश होता. पण तो अंश कोणत्या रकान्यात मांडायचा? क्रिकेटच्या हिशेबवहीत धावांचा रकाना आहे, बळींचा आहे, झेलांचा आहे, ‘याच्यामुळे दुसऱ्याला जागा झाली’ असा रकाना नाही.

साहित्याच्या हिशेबवहीतही तो नाही. म्हणूनच हा विषय आम्हांला आमचा वाटला.

शब्दांकडे पाहू. इंग्रजीतल्या ऑलराउंडरसाठी मराठीने ‘अष्टपैलू’ हा शब्द घडवला, आणि तो फार सुंदर आहे. पैलू हिऱ्याला असतात. अष्टपैलू म्हटले की कपिलदेव डोळ्यांसमोर येतो, सर्व बाजूंनी चमकणारा. बांगर फलंदाजी करत असे, गोलंदाजी करत असे, सलामीला येत असे, सातव्या क्रमांकावरही येत असे. पण त्याला नुसते अष्टपैलू म्हणताना वृत्तपत्रांची जीभ अडखळे. मग ‘उपयुक्त अष्टपैलू’ असा शब्दप्रयोग होई. विशेषणाने नामाची किंमत कमी केल्याची इतकी स्पष्ट उदाहरणे व्याकरणाच्या वर्गात मिळत नाहीत. गोलंदाजीसाठी ‘कामचलाऊ’ हा शब्द वेगळाच. एकनाथ सोलकरच्या वाट्याला निदान क्षेत्ररक्षणाची दंतकथा आली. फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहून त्याने झेल असे घेतले की २७ कसोटींतले ५३ झेल हीच त्याची ओळख झाली. बांगरला अशी एक जागाही मिळाली नाही. तो जिथे रिकामे असेल तिथे उभा राहिला.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये अशा खेळाडूला स्वतंत्र नाव आहे, ‘युटिलिटी प्लेयर’. आज एका जागी, उद्या दुसऱ्या, परवा राखीव. संघ बदलतात, गावे बदलतात, तो जिथे बोलावतील तिथे जातो. नाव होते, पण मान नव्हता. त्या खेळात उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी ‘गोल्ड ग्लव्ह’ नावाचा पुरस्कार १९५७ पासून प्रत्येक जागेच्या खेळाडूला दिला जातो. अनेक जागी खेळणाऱ्यासाठी त्यात स्वतंत्र पुरस्कार आला तो २०२२ साली. पासष्ट वर्षे लागली. मराठी वाङ्मयीन पुरस्कारांच्या यादीत कोश, सूची, संपादन, अनुवाद यांना जागा कधी आणि किती मिळाली, याचा विचार वाचकांनी आपापल्या परीने करावा. आम्ही त्या वादात पडत नाही.

बांगरच्या कारकिर्दीचा आराखडा थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना हेडिंग्लेही आठवत नाही. मुंबई आणि महाराष्ट्राच्या कुमार संघांतून खेळून तो १९९३-९४ च्या हंगामात प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये आला तो रेल्वेकडून. रेल्वेचा संघ ही रणजी करंडकातली एक विलक्षण चीज आहे. इतर संघांना प्रदेश असतो, भाषा असते, आपले म्हणणारे प्रेक्षक असतात. रेल्वेला यांतले काहीच नाही. दिल्लीचे कर्नेलसिंग स्टेडियम हे घरचे मैदान, आणि खेळाडू म्हणजे आपापल्या राज्याच्या संघात ज्यांना जागा झाली नाही किंवा ज्यांना नोकरीची निकड होती अशी देशभरातली मंडळी. रायचूरचा येरे गौड तिथेच होता, शंभराहून अधिक रणजी सामने खेळून भारताची टोपी न मिळालेला. अशा माणसांनी मिळून २००१-०२ मध्ये रेल्वेला पहिल्यांदा रणजी करंडक मिळवून दिला आणि २००४-०५ मध्ये दुसऱ्यांदा. दोन्ही वेळी बांगर होता.

यातली गंमत बीडच्या माणसालाच कळेल. ज्या गावचा मुलगा रेल्वेकडून वीस हंगाम खेळला, त्या गावाला रेल्वे नव्हती. जिल्ह्यात परळीला होती, बीड शहराला नव्हती. आमच्या लहानपणापासून अहमदनगर-बीड-परळी हा मार्ग प्रत्येक निवडणुकीच्या भाषणात धावत असे. बीडच्या स्थानकातून प्रवासी गाडी प्रत्यक्ष सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तोवर बांगरला निवृत्त होऊन बारा वर्षे उलटली होती. आमचा जिल्हा माणसे बाहेर पाठवण्यात तरबेज आहे. दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांच्या रांगा पाहिलेल्यांना ते वेगळे सांगायला नको. जिथे काम तिथे माणूस. बांगरचे काम बॅटचे होते, एवढाच फरक. (हा फरक लहान नाही, हे आम्हांला कळते. कोयत्याला टाळ्या मिळत नाहीत.)

३ डिसेंबर २००१ रोजी मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्याची पहिली कसोटी सुरू झाली. त्याच सामन्यात पदार्पण करणारा दुसरा एक खेळाडू औरंगाबादचा इक्बाल सिद्दिकी होता. मराठवाड्याची दोन माणसे एकाच दिवशी कसोटीपटू झाली, आणि या योगायोगाची नोंद आमच्या प्रदेशाच्या इतिहासात कुठे आहे का ते आम्ही शोधत असतो. भारताला जिंकायला अवघ्या पाच धावा हव्या होत्या तेव्हा या वेगवान गोलंदाजालाच सलामीला पाठवण्यात आले आणि त्याने काम पुरे केले. सिद्दिकीची ती पहिली आणि शेवटची कसोटी. बांगरच्या वाट्याला बारा आल्या.

त्या बाराही कसोटी एक वर्ष आणि तीन आठवडे एवढ्या काळात बसतात. फेब्रुवारी २००२ मध्ये नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध सातव्या क्रमांकावर येऊन नाबाद १००. ऑगस्टमध्ये हेडिंग्ले, सलामीला. ऑक्टोबरमध्ये वानखेडेवर वेस्ट इंडीजविरुद्ध सेहवागबरोबर २०१ धावांची सलामी, त्यात सेहवागच्या १४७ धावा आणि बांगरच्या ५५. नंतर ईडन गार्डन्सवर ७७. मग डिसेंबरमध्ये न्यूझीलंड. हॅमिल्टनच्या हिरव्या खेळपट्टीवर भारत ९९ धावांत गारद झाला, यजमानही ९४ त गारद झाले. त्या दौऱ्यात कुणाचेच फारसे काही चालले नाही, पण संघातून कोण जाणार हे अशा वेळी आधीच ठरलेले असते. हॅमिल्टननंतर बांगर कसोटी खेळला नाही. २००३ च्या विश्वचषकाच्या चमूत तो होता. भारत अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि या सर्व प्रवासात बांगर एकही सामना खेळला नाही. १२ कसोटी, ४७० धावा, ७ बळी. १५ एकदिवसीय सामने, १८० धावा, पुन्हा ७ बळी.

आणि यानंतर दहा वर्षे तो रेल्वेकडून खेळतच राहिला. जानेवारी २०१३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा प्रथम दर्जाचे १६५ सामने, ८३४९ धावा आणि ३०० बळी त्याच्या नावावर होते. रणजी करंडकात सहा हजार धावा आणि दोनशे बळी अशी मजल तोपर्यंत फक्त विजय हजारे यांनी मारली होती. त्यांच्यानंतरचा हा.

हे आकडे लिहिताना आम्हांला अंबाजोगाईचे दासोपंत आठवले. आमच्या जिल्ह्यातले सर्वांत मोठे ग्रंथकार. वाङ्मयेतिहासात त्यांच्याविषयी पहिली गोष्ट सांगतात ती ‘गीतार्णवा’च्या सव्वा लाख ओव्यांची, दुसरी त्यांच्या चाळीस हात की चाळीस फूट अशा चर्चेत अडकलेल्या ‘पासोडी’ची, म्हणजे कापडावर लिहिलेल्या पंचीकरणाची. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत हे दोन आकडे बिनचूक लिहितात. त्या ओव्यांपैकी एकही त्यांना ठाऊक नसते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते शिकवणाऱ्यालाही थोड्याच ठाऊक असतात. जे वाचले जाते त्याची संख्या कुणी सांगत नाही, ज्याची संख्या सांगितली जाते ते वाचले जात नाही. तेंडुलकरची आठवण निघाली की लोक एखाद्या फटक्याचे वर्णन करतात. बांगरची आठवण काढायची तर आम्हांला ८३४९ म्हणावे लागते.

प्राचीन काव्य शिकवताना पादपूरकांचा मुद्दा येतो. ओवीत ‘पैं’, ‘गा’, ‘जी’ असे शब्द येतात. मुले विचारतात, सर, याचा अर्थ काय? आपण सांगतो, अर्थ नाही, चरण भरण्यासाठी आहे. आमच्यापैकी एकाने बांगरला वर्गात एकदा ‘भारतीय क्रिकेटमधले पादपूरक’ म्हटले आणि मुले हसली. दुसऱ्याला हे मुळीच पटले नाही. त्याचे म्हणणे असे की हेडिंग्लेला आधी चरणच नव्हता, तो बांगरने रचायला घेतला. शिवाय ‘गा’ला अर्थ नसतो हेही अर्धवटच खरे. ‘गा’ काढून ओवी म्हणून पाहा, समोर बसलेला श्रोताच निघून जातो. यावर पहिल्याने असे उत्तर दिले की ती कसोटी द्रविडशिवाय जिंकता आली नसती, बांगरशिवाय कदाचित आली असती, आणि ‘कदाचित’ हा शब्द समीक्षेला टाळता येत नाही. हा वाद आमच्यात वीस वर्षे चालू आहे आणि तो क्रिकेटचा वाद नाही, हे आम्हां दोघांनाही पुष्कळ आधी कळायला हवे होते.

आता ते सांगायला हवे. एम. ए. झाल्यावर आम्ही दोघेही तासिका तत्त्वावर लागलो. ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी : जितके तास, तितके पैसे, उन्हाळ्यात काही नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. काही वर्षांनी आमच्यापैकी एकाला कायम जागा मिळाली. दुसरा तासिकेवरच राहिला. सांगायला मराठीचा, पण त्याने आवश्यक मराठी शिकवले, पत्रकारितेची पदविका चालवली, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे घेतली, परीक्षा विभागात बैठक-व्यवस्था लावली, स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन केले, संस्थेच्या अहवालाचे शुद्धलेखन तपासले, इतिहासाचे सर रजेवर गेले तेव्हा सहा महिने इतिहासही शिकवला. अलीकडे नवे शैक्षणिक धोरण आल्यावर नवनव्या नावांचे विषय आले. ते कुणी शिकवायचे असा प्रश्न निघाला की बैठकीतल्या सर्वांच्या माना त्याच्याकडे वळतात. त्याने नकार दिल्याचे कुणाला आठवत नाही.

मध्यंतरी जिल्ह्याबाहेरच्या एका महाविद्यालयात मराठीची कायम जागा निघाली. त्याने अर्ज केला. सोबत एका कायम प्राध्यापकाचे शिफारसपत्र हवे होते. ते पहिल्याने लिहिले. रात्री बसून, मनापासून, दोन पाने. आणि शेवटी लिहिले, ‘पडेल ती जबाबदारी पेलणारे हे अध्यापक कोणत्याही संस्थेला अत्यंत उपयुक्त ठरतील, याची मला खात्री आहे.’

मुलाखतीत एका सदस्याने पत्र हातात घेऊन विचारले, ‘उपयुक्त आहात, ते दिसतेच आहे. पण तुमचा स्वतःचा विषय कोणता?’ दासोपंतांवरील त्याचा प्रबंध समोरच्या गठ्ठ्यात होता. पण प्रश्न ऐकल्यावर त्याला काही क्षण उत्तर सुचले नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. ती त्या पत्रामुळे गेली असे आम्ही म्हणत नाही. जागा कशा मिळतात आणि कशा जातात याची कारणे पत्रांपेक्षा खोल असतात. पण परत आल्यावर त्याने पहिल्याला तो प्रश्न सांगितला नाही. कितीतरी वर्षांनी, हा लेख दोघांनी मिळून लिहायचा ठरल्यावर, ‘उपयुक्त’ या शब्दापाशी आल्यावर सांगितला. मग दोन आठवडे लेख तिथेच अडून राहिला.

बांगरवरच लिहायचे आणि बाकी सगळे गाळायचे, असेही एकदा ठरले होते. पण बांगरची पुढची कारकीर्द लिहायला घेतली तर तीही त्याच दिशेने जाते. खेळणे संपल्यावर तो प्रशिक्षक झाला. २०१४ च्या आयपीएलमध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली पंजाबचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्याच वर्षी तो भारतीय संघाचा फलंदाजी प्रशिक्षक झाला आणि पाच वर्षे राहिला. त्या काळात भारतीय फलंदाजांनी जे केले ते फलंदाजांच्या नावावर आहे, आणि असायलाच हवे. २०१९ च्या विश्वचषकात मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्ध उपांत्य सामना भारत हरला. नंतर नव्या नेमणुका झाल्या तेव्हा मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री राहिले, गोलंदाजीचे भरत अरुण राहिले, क्षेत्ररक्षणाचे आर. श्रीधर राहिले. बदलला गेला तो एकटा बांगर. ही बातमी वाचली त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर चर्चा झाली नाही. दोघांनीही वर्तमानपत्र घडी घालून ठेवून दिले.

त्याने कधी तक्रार केली की नाही यात आम्हांला रस नाही. न कुरकुरणारा माणूस म्हणून त्याचे गोडवे गाणे म्हणजे पुन्हा ‘उपयुक्त’ म्हणणेच. राबणाऱ्याच्या सोशिकतेची स्तुती नेहमी न राबणाराच करतो. आम्हांला एवढेच नोंदवायचे आहे की त्या दिवशी हेडिंग्लेला जे घडले त्याचे वर्णन करायला मराठीत आम्हांला विशेषण सापडलेले नाही. ‘चिवट’ म्हटले तर ते वातड भाकरीलाही म्हणतात. ‘संयमी’ म्हटले तर त्यात प्रवचनाचा वास येतो. ‘झुंजार’ त्याला शोभत नाही, कारण तो झुंजत नव्हता, सोडून देत होता. प्रत्येक चेंडूला, याला खेळायचे की नाही, हा निर्णय घ्यायचा आणि तो दोनशे छत्तीस वेळा घ्यायचा. संपादकाने एखादी ओळ काढावी आणि ती काढली हे कुणाला कळूही नये, तसा काहीसा हा प्रकार. ज्यांनी हस्तलिखिते तपासली आहेत त्यांना तो कळेल.

बीडला गाडी सुरू झाल्यावर एका रविवारी आम्ही दोघे स्थानकावर गेलो. प्रवास करायचा नव्हता, गाडी पाहायची होती. आमच्यासारखे बरेच जण होते. म्हातारी माणसे डब्याला हात लावून पाहत होती, पोरे फोटो काढत होती. फलाटावरच्या बाकावर बसलो असताना दुसऱ्याने सहज विचारावे तसे विचारले, ‘त्या पत्रात उपयुक्त नसता घातलास, तर काय घातले असतेस?’

पहिल्याने बराच विचार केला. ‘विद्वान’ म्हणून पाहिले, त्यावर दोघेही हसलो. मग तो गप्प राहिला. गाडी सुटली, फलाट रिकामा होत गेला, चहावाल्याने पेले गोळा केले. शब्द काही सुचला नव्हता. घरी येताना, मोटारसायकलवर मागे बसून, दुसरा एवढेच म्हणाला की जून येतोय, पत्र पुन्हा लागेल.